डोळ्याची काढणी

एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या मॅडमनी वर्गात एकेकीला उभं केलं आणि विचारलं, "नोकरीत तुम्ही कोणतं कौशल्य कमावलंत? एकच सांगा." नांदेडच्या त्या वर्गात बहुतेक जणी मोठ्या दवाखान्यांतून आलेल्या. एक म्हणाली, व्हेंटिलेटर. दुसरी म्हणाली, डायलिसिस. तिसरीनं एक लांबलचक इंग्रजी शब्द सांगितला, तो मला अजून नीट उच्चारता येत नाही. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, मला दोघी जावा एका जीपमध्ये बसवता येतात."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मी खाली बसले. पण मी विनोद केला नव्हता. त्या एका जीपसाठी मी जेवढं डोकं चालवलं, तेवढं कुठल्याच परीक्षेला चालवलेलं नाही. तेव्हा नीट सांगता आलं नाही म्हणून आता लिहून बघते. लिहायची सवय नाही, तेव्हा कुठं अडखळले तर सांभाळून घ्या.

आमचं गाव भोकरकडं. घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा वडिलांनी गावात सांगितलं, लेक डॉक्टरकीला लागली. आई मात्र सरळ बाई. ती सांगायची, "सुया टोचायचं कॉलेज हाय. चार वर्षं लागतेत." सुया टोचायला चार वर्षं कशाला लागतात, हे कोडं आमच्या भावकीला अजून सुटलेलं नाही. लातूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षी ते मलाही सुटत नव्हतं. तास इंग्रजीतून चालायचा आणि मी शेजारणीच्या वहीत बघून हाडांची नावं उतरून घ्यायचे. एकदा तिनं पानाच्या कोपऱ्यात आपलं आडनाव लिहिलं. तेही मी हाड समजून उतरवलं आणि पाठसुद्धा केलं.

पास झाले, कौन्सिलची नोंदणी झाली, आणि लातूरच्याच एका खाजगी दवाखान्यात लागले. तिथं मी चालायला शिकले. आमच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "तू पळालीस की नातेवाईक घाबरतात, रेंगाळलीस की पेशंट घाबरतो." या दोन्हींच्या मधली चाल जमायला मला अख्खा पावसाळा लागला. पुढं मुखेड तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात गेले. तिथं बाजाराच्या दिवशी सगळी गर्दी यायची. माणसं पिशवीत वांगी, मेथी घेऊन तपासायला बसायची. एक आजोबा सलाईनची बाटली अर्धी झाली की म्हणायचे, "बाई, एवढी बंद करून ठिव. बैल बघून येतो, मग राहिलेली लाव." त्यांना वाटायचं ती चहासारखी झाकून ठेवता येते. त्यांच्याशी न भांडता त्यांना खाटेवर धरून ठेवायचं, हे मी मुखेडला शिकले.

आणि मग उपकेंद्र. मुखेडपासून आत एक गाव, दोन खोल्या, एक कडुनिंब, औषधांचं कपाट आणि मी. सोबतीला गावातल्या आशाताई. कुणाच्या घरी काय शिजलं आणि कुणाला काय दुखलं, हे त्यांना एकाच वेळी कळायचं. लातूरला माझ्या वॉर्डात पेशंट यायचा. इथं गाव हाच वॉर्ड होता आणि पेशंट आपापल्या ओट्यावर बसून माझी वाट बघायचे, किंवा मला बघून आत जायचे.

आशाताईंनी पहिल्याच फेरीत त्या दोघी जावा दाखवल्या. दोन घरं, मधे एकच भिंत, आणि समोर दोघींचा मिळून लांब ओटा. थोरली एका टोकाला, धाकटी दुसऱ्या टोकाला. दोघींचे मालक जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलं-सुना शेतात, थोरलीची सून तेवढी घरी.

"कोण आलंय गं?" थोरलीनं विचारलं.

"नव्या सिस्टर हायेत, आजी. डोळे बघायला आल्यात."

"बघ माय, बघ. मला तर काई दिसंना, तूच बघ."

मी बॅटरी लावून बघितलं. उजवा डोळा कधीचाच गेलेला. तिथंही मोतीबिंदूच होता. पिकायची वाट बघत राहिल्या, आणि एक दिवस डोळा लालभडक झाला, कपाळ ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. घरच्यांनी पित्त समजून लिंबू-साखर दिली. नांदेडला नेईपर्यंत आतली नस मेली होती. आता राहिला होता डावा. त्याच्या बाहुलीवर दुधाच्या सायीसारखा पांढरा पडदा दाट धरला होता. समोर कुणी हाललं की तिला कळायचं, पण कोण ते आवाजावरून ओळखायची. हा डोळाही पहिल्याच्या वाटेनं गेला तर पुढं काय, हे मला बॅटरी बंद करायच्या आतच कळलं.

"पिकला का गं?" थोरलीनं विचारलं.

मला हा प्रश्न पुढं गावोगाव भेटला. तो त्या बायांनी मनानं काढलेला नव्हता. त्यांच्या तरुणपणी डॉक्टरच सांगायचे, अजून पिकला नाही, पिकला की या. डॉक्टर बदलले, यंत्रं बदलली, पण 'आता वाट बघायची नाही, लगेच या' हे सांगायला ओट्यापर्यंत कुणी आलंच नाही.

"आजी, आता पिकायची वाट बघत नाहीत. तुमचा तर कधीचाच काढायला पाहिजे होता."

"कच्चा काढला की परत येतो," ओट्याच्या दुसऱ्या टोकावरून धाकटी म्हणाली. तिच्याही एका डोळ्यात मोतीबिंदू होता, पण दुसऱ्यानं ती सुई ओवायची. "माझ्या चुलत्याचा आला होता."

"तुझ्या चुलत्याचं काय सांगू नको. त्याला दिसत होतं तवा तरी काय दिसत होतं?" थोरली म्हणाली.

मी शेतकऱ्याची लेक. मला वाटलं, यांच्याशी यांच्या बोलीत बोलावं. "बरं आजी, सोयाबीन काढायला उशीर झाला तर काय होतं?"

"शेंगा तडकतेत," दोघी एकदम म्हणाल्या.

"आणि दाणे?"

"जातेत वावरात."

"मग तसंच डोळ्याचं हाय. जास्त पिकला की आतल्या आत तडकतो. उजव्याचं तेच झालं. काढणी वेळेवर झाली पाहिजे."

मी स्वतःवर इतकी खूश झाले की आशाताईंकडं बघून मान डोलावली. नर्सिंगच्या पुस्तकात रुग्णाला त्याच्या भाषेत समजावण्याचा एक धडा आहे. मी मनातल्या मनात त्या धड्यात स्वतःचा फोटो लावला.

धाकटीनं थोडा विचार केला. "पण डोळा सोयाबीन कसा आसंल? सोयाबीन तर आत्ता आत्ता आलं. डोळे आधीपासून हायेत."

"हाव की," थोरली म्हणाली. "आमच्या वक्ताला जवारी होती. आंबा म्हण एक वेळ. आंबा पाडाला लागल्याबिगर कुणी उतरीत न्हाई."

आतून थोरलीची सून बोलली, "आत्या, मग डोळा काढून आढीत घालायचा का?"

त्यावर तिघी इतक्या हसल्या की माझा धडा तिथंच संपला. मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात शिबिराची गाडी येणार आहे, लातूरला नेतील, ऑपरेशन करून आणून सोडतील, मी सोबत येईन. थोरली म्हणाली, "बघू." मराठवाड्यात 'बघू' म्हणजे काय, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी किराणा दुकानात साबण घ्यायला गेले. दुकानदारानं विचारलं, "सिस्टर, डोळ्याची काढणी कवापासून हाय?"

मला आधी कळलंच नाही.

"मळणी बी हाय का संगट?" मागं बिड्या घ्यायला उभा असलेला एक म्हातारा म्हणाला. त्याच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तो बोलला माझ्याशी, पण तोंड दुकानातल्या आरशाकडं होतं.

उपकेंद्रावर आशाताई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "सिस्टर, तुमी 'काढणी' कामून म्हणलात हो? 'साफ करतेत' म्हणायचं की. समद्या गावात झालंय, सिस्टर डोळे काढायला घेऊन चालल्यात."

"अहो, पण मी मोतीबिंदूची काढणी म्हणाले."

"मोतीबिंदू राहिला ओट्यावर. गावात नुसती काढणी फिरायलीय."

गावात आधीपासूनच एक समजूत होती. दवाखान्यात डोळा बाहेर काढतात, ताटलीत ठेवतात, धुतात, पुसतात आणि परत बसवतात. बसवताना जरा तिरका बसला की माणूस तिरकं बघतो. माझ्या एका शब्दानं त्या समजुतीवर सरकारी शिक्का बसला. पुढचे चार दिवस आम्ही दोघी घरोघर 'साफ करतेत' म्हणत फिरलो. आशाताईंनी तर हातानं नाटक करून दाखवलं: चिमटीत धरून आतलं मळकं भिंग काढलं, नवं ठेवलं, झालं. त्यांचं नाटक इतकं छान होतं की शिबिराचं विचारलेल्या म्हाताऱ्यांपैकी दोघांनी हात जोडून सांगितलं, तुम्हीच करा, लातूरला नको.

थोरली मात्र गप्प झाली होती. ओट्यावर गेलं की, "बस माय," म्हणायची, चहा द्यायला लावायची आणि डोळ्याचं काही निघालं की सुनेला हाक मारायची. लातूरच्या वॉर्डात मी एक गोष्ट बघितली होती. जो पेशंट भांडतो तो ऑपरेशनला येतो. जो चहा पाजतो त्याचं काही खरं नाही.

गाडीच्या दिवशी सकाळी मी आणि आशाताई ओट्यावर हजर. आश्चर्य म्हणजे दोघी जावा नेसून-सवरून तयार होत्या. दोघींच्या पिशव्या भरलेल्या. मला हायसं वाटलं. मग जीप आली आणि खरी गंमत सुरू झाली.

या दोघींमधल्या मानाची गोष्ट इथं सांगायला पाहिजे. थोरली ती थोरली. मालक होते तोवर हळदीकुंकू आधी तिला, पुरणाची पहिली पोळी तिला, लग्नात साडी आधी तिच्या हातात. त्या काळी एका लग्नात कुणा नवख्या मुलीनं चुकून आधी धाकटीला कुंकू लावलं, तर थोरली न जेवता घरी आली होती आणि धाकटी त्या कुंकवाला पुढं महिनाभर हात लावून दाखवायची, असं सून सांगायची. मानावरून या ओट्यावर जेवढी भांडणं झाली तेवढी वाटणीवरूनही झाली नव्हती.

ड्रायव्हरनं दार उघडलं. आत दुसऱ्या गावांचे चार-पाच जण आधीच बसलेले. "चला आजी, कोण बसतंय आधी?"

"ही बसंल," थोरली म्हणाली.

"मी?" धाकटीनं पदर तोंडाला लावला. "मोठ्या माणसाच्या आधी? आजवर कवा बसले का? मान तुमचा हाय, आक्का."

"आज दिला तुला."

"नगं मला. लगीन होऊन आल्यापून मागितला तवा दिला न्हाई, आन् आता डोळा काढायला जायचं तर देताव?"

"साफ करायला!" आशाताई ओरडल्या.

"मोठ्या मनानं द्यायले तर घे की!"

"तेवढं मोठं मन आधी कुठं ठिवलं होतं?"

जीपमधले लोक खाली वाकून बघायला लागले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. थोरली एकदम मागं फिरली, चाचपडत ओट्याच्या आपल्या टोकाला गेली आणि बसली. पिशवी मांडीवर घेतली.

मी तिच्याजवळ गेले. माझ्याजवळ आता कुठलंच पीक उरलं नव्हतं.

तीच बोलली. माझ्याशी नाही, जावेशी. आवाज भांडणातला नव्हता. "तुला दोन हायेत गं. तुझा एक गेला तरी चूल दिसंल. मला हा एकच हाय. ह्यातनं थोडंच दिसतंय. ऊन दिसतंय, दार कुठं हाय ते दिसतंय, तू हिकडून तिकडं गेलीस की दिसतंय. थोडं हाय, पण माझं हाय. तेवढं बी गेलं तर?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या पुस्तकात होतं. शंभरातले इतके बरे होतात वगैरे. पण ती शंभरातली नव्हती आणि तिचा डोळा एकच होता.

धाकटीनं पदर खोचला, जीपला वळसा घातला आणि सरळ पुढं ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. दार धाडकन लावलं. खिडकीतून तोंड काढून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आक्का, तुमी बसा हितंच. मी बघून येते. आल्यावर समदं सांगते की. सून कसली साडी नेसली, कोण कसं हासलं, चुलीत जाळ किती हाय. रोज सांगते. एक बी गोष्ट सोडायची न्हाई."

थोरलीनं मान वर केली. "सिस्टर, ती पुढच्या शिटावर बसली का?"

"हाव, आजी."

"ड्रायव्हरपशी?"

"हाव."

"उतरीव तिला," थोरली उठत म्हणाली. "तिथं मी बसणार हाय."

लातूरपर्यंत धाकटी मागच्या शिटावर माझ्या मांडीवर अर्धी बसून आली आणि सगळ्या रस्ताभर, पुढून वारं लागतं का, असं कुचकं विचारत राहिली.

मला वाटलं, जिंकलो. पण दवाखान्यात तपासणी झाली आणि थोरलीचा रक्तदाब चढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, आज नको, गोळी देऊ, उद्या बघू. नाही उतरला तर परत जावं लागेल, एकाच डोळ्याला धोका पत्करायचा नाही. ते बरोबरच बोलत होते. पण परत गेलेली थोरली पुन्हा कुठल्याच जीपमध्ये बसणार नाही, हे मला माहीत होतं. आणि पिकायचं जे होतं ते पिकत चाललं होतं.

धाकटीचा नंबर आला. ती हिरवा झगा घालून, टोपी घालून निघाली, तर थोरलीनं विचारलं, "कशी दिसायली गं ही?"

"भेंडीसारखी," मी म्हणाले. थोरली हसली नाही.

ती खाटेवर बसून पदराचं टोक पिळत होती. मी शेजारी बसले. गावात मी तिचा रक्तदाब कितीदा बघितला होता. तो इतका कधीच नसायचा. ही भीती होती. आणि भीतीला गोळी लागू पडायला वेळ लागतो.

"आजी, नेमकं कशाचं भ्या वाटायलंय?"

ती अगदी हळू म्हणाली, "ती ताटली."

"कुठली?"

"डोळा ठिवतेत ती. तेवढ्या वक्तात काई झालं तर? मांजर आलं, कुणाचा धक्का लागला. तिला दुसरा तरी हाय आत."

मी जीव तोडून सांगितलं, ताटली नसते, डोळा जागचा हलत नाही. तिनं माझ्या हातावर थोपटलं. 'तू लहान आहेस, तुला सांगत नसतील' अशा अर्थाचं ते थोपटणं होतं.

थोड्या वेळानं धाकटीला आणलं. एका डोळ्यावर पट्टी, बाकी नेहमीसारखी. खाटेवर टेकल्या टेकल्या म्हणाली, "काई न्हाई गं आक्का, नुसतं गार पाणी पडतंय. आन् ताटली न्हाई तिथं."

थोरली एकदम सरळ झाली. "न्हाई?"

"न्हाई. मी बघितलं."

"डोळा त्याईच्या हातात, मग तू कशानं बघितलंस?"

"दुसरा हाय की मला! ह्या डोळ्यात काम चाललं होतं, ह्या डोळ्यानं मी बघत होते. टेबलाखाली बघितलं, कपाटावर बघितलं. वाटी न्हाई, ताटली न्हाई, मांजर तर लांबच. लई स्वच्छ हाय. आपल्या चुलीपशी बी इतकं नसतंय."

लातूरच्या नोकरीत मी काही महिने ऑपरेशन थिएटरमध्ये काढले आहेत. मोतीबिंदूच्या वेळी सगळा चेहरा हिरव्या कापडाखाली असतो. काम चाललेला तेवढा एक डोळा उघडा. दुसऱ्या डोळ्यानं कपाटच काय, स्वतःचं नाकसुद्धा दिसत नाही. मी धाकटीकडं बघितलं. तिनं आपल्या उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं, तो बारीक केला आणि पुन्हा उघडला. पट्टी बांधलेल्या बाईनं मला डोळा मारला, असं म्हणायला हरकत नाही.

रुग्णापासून खरं लपवू नये, असं आम्हाला शिकवलेलं आहे आणि मी ते मानते. पण ताटली नव्हती हे खरं होतं. खोटं एवढंच होतं की ते हिनं बघितलं. मी खाटेवरची चादर नीट करत बसले.

दुसऱ्या दिवशी रक्तदाब उतरला. गोळीनं उतरला की जावेच्या थापेनं, हे मला सांगता येणार नाही. थिएटरच्या दारात थोरलीनं माझा हात धरला तो सोडेचना. डॉक्टर म्हणाले, "येऊ द्या सिस्टरला. हात धरायला कुणी असलं तर बरंच. आजी, बोलायचं नाही, हलायचं नाही. खोकला आला तर सिस्टरचा हात दाबायचा."

मी कपडे बदलून स्टुलावर बसले. हिरव्या कापडाखाली थोरली दिसेनाशी झाली, फक्त तिचा हात बाहेर. बोटं कांदे-लसूण सोलून काळवंडलेली, बांगड्यांच्या जागी फिकट वळ. ऑपरेशन सुरू झालं आणि तिनं हात दाबला.

"डॉक्टर, थांबा," मी म्हणाले.

डॉक्टर थांबले. "खोकला आला का आजी?"

"न्हाई," कापडाखालून आवाज आला. "ही हाय का गेली, ते बघितलं."

"आहे ती. आता दाबू नका."

थोड्या वेळानं पुन्हा हात दाबला. या वेळी मी काही बोलले नाही. मीही दाबला. मग आमचं तसंच चाललं. ती दाबायची, मी दाबायचे. कॉलेजात हृदयाचे ठोके, नाडी, श्वास सगळं मोजायला शिकले. हे कशात मोजतात ते कुणी शिकवलं नव्हतं. दिव्याखाली डॉक्टरांचे हात अगदी थोडे थोडे हलत होते. मला वाटत होतं, हा डोळा माझाच आहे. भिंग बसलं, डॉक्टर मागं सरकले आणि म्हणाले, "झालं." तेव्हा माझी बोटं सुन्न झाली होती.

पण 'झालं' म्हणजे दिसलं असं नसतं. पट्टी सकाळी निघायची होती. तोपर्यंत थोरलीला काहीच दिसत नव्हतं, होतं ते थोडंसुद्धा नाही. जेवताना मी घास हातात दिला. धाकटी पलीकडच्या खाटेवरून सारखी काही ना काही सांगत होती: समोरची बाई घोरते, खिडकीत कबूतर आलंय, डाळीत मीठ न्हाई. थोरली नुसतं "हं" म्हणायची. शेवटी म्हणाली, "तू हायेस न्हवं तिथं?"

"जाते कुठं? गाडी उद्या हाय."

सकाळी डॉक्टर आले. धाकटीची पट्टी आधीच निघून तिला काळा चष्मा मिळाला होता. तो घालून ती खाटेवर ताठ बसली होती. डॉक्टरांनी थोरलीच्या पट्टीची चिकटपट्टी हळू सोडवली, डोळा पुसला. "उघडा आजी. घाई नको."

तिनं डोळा उघडला. मिटला. पुन्हा उघडला. पाणी आलं. मी तिच्यासमोर उभी होते आणि चेहरा कसा ठेवावा ते मला कळत नव्हतं.

ती माझ्याकडं बघत राहिली. खालून वर, वरून खाली.

"माय गं," ती म्हणाली. "तू येवढीशी हायेस? मला वाटलं, चांगली जाडजूड बाई आसंल. किती बोलत होतीस!"

डॉक्टर हसले. मी हसले की रडले ते आठवत नाही. डॉक्टरांनी बोटं दाखवली, तिनं बरोबर सांगितली, वर त्यांच्या बोटातल्या अंगठीचा खडा हिरवा आहे हेही सांगितलं. मग ती खाटेवरून पाय सोडून बसली आणि पलीकडं बघायला लागली. धाकटी चष्म्यामागं काहीच न बोलता बसलेली. इतका वेळ न बोलता बसलेली मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

"हिचे केस कवा पांढरे झाले?" थोरलीनं विचारलं.

"तुमच्या जाचानं," धाकटी म्हणाली. आवाज जरा घोगरा होता.

"लई म्हातारी झालीस गं."

"आरसा आणा गं कुणी ह्याईला. मला म्हणायल्यात."

"तो चष्मा काढ. तोंड बघू दे नीट."

"काढायचा न्हाई म्हणलंय डॉक्टरनं."

डॉक्टर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "काढा की आजी, थोडा वेळ काढला तर चालतं."

धाकटीनं चष्मा आणखी वर सरकवला. गालावरून दोन्ही बाजूंनी पाणी ओघळलं होतं. मी रुमाल घेऊन पुढं झाले आणि म्हणाले, "आजी, डोळा चोळायचा नाही हं. रडू नका."

"रडायलंय कोण?" ती खेकसली. "तू सकाळी औषधाचे थेंब टाकलीस, ते हाय."

थेंब मी एकाच डोळ्यात टाकले होते. थोरली उठली, कुणाचा आधार न घेता दोन खाटांमधलं अंतर चालत गेली आणि जावेच्या शेजारी जाऊन बसली.

"सरक जरा," ती म्हणाली. "हितनं खिडकी दिसतीय."